सोमवारची मागील शिल्लक

कामाच्या आठवड्याला आरंभ असतो ही कल्पना महाराष्ट्रात फार जुनी नाही, कारण ज्याला शेवट नाही त्याला आरंभही नसतो, आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांच्या आठवड्याला एकोणिसाव्या शतकात हक्काचा असा शेवट नव्हता. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांना संघटित करून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. या निर्णयातून रविवार मिळाला हे सर्वत्र कृतज्ञतेने सांगितले जाते. त्याच निर्णयातून सोमवारही जन्माला आला, हे मात्र सौजन्यापोटी कोणी बोलत नाही. दिनदर्शिका मागे नेऊन पाहिल्यास तो १० जून मंगळवार होता असे आढळते, आणि त्यावरून असा निष्कर्ष काढता येतो की महत्त्वाचे काम सोमवारी व्हायचे नाही हा नियम सोमवारची प्रतिष्ठापना होण्याच्या एक दिवस आधीच अमलात आलेला होता.

प्रस्तुत विवेचनात ‘सोमवार’ ही संज्ञा वाराच्या नव्हे, तर स्थानाच्या अर्थाने वापरलेली आहे. साप्ताहिक सुट्टीच्या पाठोपाठ जो कोणता दिवस येतो आणि ज्याच्या सकाळी माणसाला आपले आयुष्य शिस्तीत आणावेसे वाटते, तो सोमवार. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी असते, त्यामुळे तेथील कामगाराचा सोमवार शुक्रवारी उगवतो. केशकर्तनालये परंपरेने सोमवारी बंद असतात, त्यामुळे तेथील कारागिराचा सोमवार मंगळवारी येतो, आणि रविवारी इतरांची डोकी हातावेगळी करून झाल्यावर त्याला स्वतःच्या डोक्याचे काय करायचे याचा विचार करायला एक पूर्ण दिवस मिळतो. हिंजवडीतील संगणक-अभियंत्यांची अवस्था याहून निराळी आहे. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचे अंतर असल्याने पुण्यात सोमवारचे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ नऊ वाजता हसतमुखाने बैठकीला बसते, आणि ज्याने एक सोमवार नुकताच कसाबसा संपवला आहे त्याला दुसऱ्याच्या सोमवारात ताजेपणाने सहभागी व्हावे लागते. शासकीय कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. त्यानंतर महिनाही उलटण्यापूर्वी देशभर टाळेबंदी आली आणि आठवड्याचे सातही वार एकमेकांत असे मिसळले की नव्याने मिळालेला शनिवार नेमका कोणता हे ओळखणेही कठीण झाले.

नियोजनविधीला मुहूर्त कोणता असावा, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करून त्यांपैकी एक भाग प्रत्येक वारी राहूकाळ म्हणून वर्ज्य मानला जातो, आणि सोमवारी तो दुसरा भाग असल्याने, सूर्योदय सहाला धरला तर, साडेसात ते नऊ ही वेळ कोणत्याही शुभारंभाला निषिद्ध ठरते. ज्या अवधीत नोकरदार मंडळी डबा, मुलांची शाळा, रिक्षावाल्याचा नकार आणि लोकलचा दरवाजा या चार गोष्टींशी झुंजत असतात नेमक्या त्याच अवधीला आपल्या पूर्वजांनी अशुभ ठरवून ठेवावे, यामागे लोकल सुरू होण्यापूर्वीच केलेले सूक्ष्म निरीक्षण असावे असे म्हणण्याचा मोह होतो. शासकीय कार्यालयांची वेळ पावणेदहाची असल्याने राहूकाळ सुटणे आणि कार्यालय भरणे यांच्यामध्ये पाऊण तास शिल्लक राहतो व तो नियोजनाला पुरेसा आहे; परंतु तो चहाला दिलेला असल्यामुळे नियोजन पुढे सरकते.

साहित्यामध्ये दैनंदिनी, म्हणजे बोलीभाषेत डायरी, ही प्रमुख होय. डिसेंबर-जानेवारीत ती कोणाकडून तरी भेट मिळते, स्वतःच्या पैशाने क्वचितच घेतली जाते, आणि तिच्या पहिल्या पानावर रक्तगट, विमापत्राचा क्रमांक व पादत्राणाचे माप हे रकाने भरण्यातच पहिल्या आठवड्याचे नियोजन संपते. फेब्रुवारीनंतर अशा डायरीचे काय होते, हे घरोघरच्या कपाटांतून अभ्यासण्यासारखे आहे. तिच्यात किराण्याची यादी, भिशीचा हिशेब आणि एखाद्या पानावर तोंडली भरण्याची कृती आढळते, परंतु जिच्यासाठी ती मुद्रित झाली ती ‘आजची कामे’ आढळत नाहीत. याउलट भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’ला कोणी नियोजनाचे साधन म्हणून गौरवत नाही, आणि तरीही १९७३ पासून मराठी घराचे खरे नियोजन त्याच्याच चौकोनांत चाललेले आहे, कारण दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि मोलकरणीची रजा या नोंदी कोणत्याही संकल्पाशिवाय, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने, बारा महिने अखंड होत असतात. ज्या साधनाकडून आत्मोन्नतीची अपेक्षा नसते तेच साधन वर्षभर टिकते, असा याचा अर्थ घेता येईल.

आत्मोन्नतीची ही अपेक्षा नेमकी सोमवारीच का उसळते, याचा शोध हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी घेतला असून त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडणीत या वृत्तीला नवारंभाचा परिणाम असे म्हणता येईल असे नाव आहे. आठवड्याचा, महिन्याचा किंवा वर्षाचा आरंभ आला की माणूस आपल्या जुन्या, आळशी अवताराला गतकाळात जमा करतो आणि नव्या अवताराकडून मोठ्या अपेक्षा बाळगू लागतो, त्यामुळे व्यायामशाळेत जाणे किंवा आहारनियमनाची माहिती शोधणे या गोष्टी आठवड्याच्या सुरुवातीला वाढलेल्या दिसतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे साडेतीन मुहूर्तांतील पूर्ण मुहूर्त ज्यांच्या घरी पाळले जातात त्यांना हे सिद्ध करायला संशोधन लागले याचे आश्चर्य वाटेल. मात्र वर्षातून साडेतीन वेळा नवा जन्म घेणे वेगळे आणि दर आठवड्याला घेणे वेगळे. दर सोमवारी जो नव्याने जन्मतो त्याच्या यादीचे पान कोरे असते, आणि त्या कोऱ्या पानातच या विधीची मूळ गफलत दडलेली आहे, कारण जन्म नवा असला तरी कामे गेल्या जन्मीचीच असतात.

या गफलतीपासून सर्वस्वी मुक्त अशी नियोजनपद्धती महाराष्ट्रात अस्तित्वात आहे आणि ती व्यवस्थापनाच्या कोणत्याही परदेशी ग्रंथात नसून तालुक्याच्या कचेरीत आहे, हे सांगितल्यास वाचक हसण्याची शक्यता असली तरी त्यास इलाज नाही. शासकीय कार्यालयातील लिपिकाकडे कार्यविवरण नोंदवही नावाची एक वही असते. त्याच्याकडे आलेला प्रत्येक कागद तीत नोंदला जातो, त्या कागदाचे पुढे काय झाले हेही तीत लिहिले जाते, आणि आठवड्याकाठी तिचा गोषवारा, म्हणजे संक्षिप्त हिशेब, काढून वरिष्ठांपुढे ठेवायचा असतो. त्या गोषवाऱ्याचे गणित असे की मागील शिल्लक प्रकरणांत नवीन आवक मिळवावी, बेरजेतून निकाली काढलेली प्रकरणे वजा करावीत आणि उरेल ती अखेरची शिल्लक पुढील आठवड्याच्या माथ्यावर लिहावी. या रचनेतील नैतिक धैर्य सहजी लक्षात येत नाही. खासगी क्षेत्रातील महत्त्वाकांक्षी तरुण सोमवारी सकाळी रंगीत चौकटी आखून ‘या आठवड्याची उद्दिष्टे’ लिहितो, आणि गेल्या आठवड्याची उद्दिष्टे असलेले पान हळूच उलटून टाकतो; लिपिकाला ती सवलत नाही, कारण त्याचा आठवडा आशेपासून सुरू न होता मागील शिल्लकेपासून सुरू होतो. शिल्लक कमी होतेच असे नाही, परंतु ती किती आहे हे निदान एका वहीला ठाऊक असते.

याच कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत नावाची आणखी एक व्यवस्था सांगितलेली आहे, आणि तिचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आवश्यक आहे, कारण घरगुती व वैयक्तिक नियोजनात तिचा वापर करण्याकडे विद्वानांनी अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. टेबलावरील समस्त कागदांची सहा गठ्ठ्यांत वाटणी करावी असे ही पद्धत सांगते. पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यांवर स्वतःलाच काही करायचे आहे अशांचा; दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे ज्यांत दुसऱ्याकडून उत्तर यायचे आहे अशांचा; तिसरा ठरावीक मुदतीने पाठवायच्या नियतकालिक विवरणपत्रांचा; चौथा स्थायी आदेशांचा; पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा; आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. जतन करण्याच्या मुदतीचेही वर्ग ठरलेले असून अ वर्गातील कागद कायमचे राहतात, ब वर्गातील ३० वर्षे, आणि ड वर्गातील एका वर्षाने नष्ट होण्यास पात्र ठरतात.

ही वाटणी एखाद्या सामान्य गृहस्थाच्या डोक्यातील कामांना लावून पाहिली असता जे दिसते ते उद्बोधक आहे. गच्चीच्या गळतीचे काम पहिल्या गठ्ठ्यात आहे अशी त्या गृहस्थाची पत्नी समजूत करून घेते, तर तो स्वतः ते दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवतो, कारण सोसायटीच्या सचिवांनी ‘बघतो’ असे म्हटलेले असते. सचिव त्याला नियतकालिक मानतात, कारण दर जूनमध्ये ते येते. आणि पाणी तेवढे कोणत्याही गठ्ठ्यात न थांबता खाली येत राहते. वीजबिल, विम्याचा हप्ता आणि दर महिन्याला ‘या महिन्यात तरी’ असे म्हणून मांडले जाणारे वजन हा तिसरा गठ्ठा होय. चौथ्या गठ्ठ्यातील स्थायी आदेश सासुरवाडीकडून आलेले असतात व त्यांचे पुनर्विलोकन होत नाही. गिटार शिकणे, जर्मन शिकणे आणि जुने फोटो वर्षवार लावणे ही कामे वस्तुतः ड वर्गातील असून एक वर्षानंतर सन्मानपूर्वक नष्ट करायची असतात. परंतु बहुतेक माणसे त्यांना अ वर्गात टाकतात आणि निवृत्तीपर्यंत सांभाळतात.

या सर्वांत प्रतीक्षाधीन गठ्ठा हा मानवी प्रतिभेचा सर्वोच्च आविष्कार म्हणावा लागेल. एखादे काम स्वतः करायचे नसेल तर त्याविषयी कोणाला तरी विचारणा करावी, म्हणजे ते तत्क्षणी पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाते, टेबल मोकळे दिसते, आणि विचारणा करणाऱ्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचे तेज येते. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयांतून जो ई-मेलचा लोंढा वाहू लागतो तो बव्हंशी याच प्रकारचा असतो, आणि ज्याला उद्देशून तो असतो त्या व्यक्तीनेही तीच युक्ती योजल्यामुळे दुपारी दोनपर्यंत सर्व कामे सर्वांकडे प्रतीक्षाधीन होऊन एक प्रकारची सार्वत्रिक शांतता प्रस्थापित होते.

तथापि या शांततेची थट्टा करून भागणार नाही, कारण तिला शास्त्रीय पाया आहे. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ मध्ये असे दाखवले की अर्धवट राहिलेली कामे माणसाला पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक चांगली आठवतात; या संशोधनाचे मूळ बर्लिनमधील वेटरांविषयीच्या एका निरीक्षणात होते असे सांगितले जाते, की बिल चुकते होईपर्यंत त्यांना कोणी काय मागवले ते तंतोतंत आठवत असे आणि पैसे हाती पडताच सारे विसरले जाई. रविवारी संध्याकाळी चहाचा कप हातात असताना अकस्मात जो विषाद दाटून येतो तो म्हणजे न चुकवलेल्या बिलांची ही स्मृतीच होय. यावर उपाय म्हणून कामे पूर्ण करावीत असे कोणीही सांगेल, परंतु मॅसिकॅम्पो आणि बाऊमायस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांनी त्याहून स्वस्त उपाय दाखवून दिला. अपुरे काम कधी, कोठे व कसे करायचे याचा नेमका बेत लिहून काढला, तर काम तसेच पडून असूनही ते मनाला टोचेनासे होते. म्हणजे मनाला काम होण्याशी फारसे कर्तव्य नसून त्याची कोठेतरी रीतसर नोंद झाली आहे एवढेच त्याला हवे असते. अर्ज निकाली निघाला नाही तरी आवक क्रमांकाचा शिक्का मिळताच समाधानाने घरी जाणाऱ्या नागरिकाला हे तत्त्व प्रयोगशाळेच्या आधीपासून ज्ञात होते.

येथे ‘नेमका’ या विशेषणावर जोर आहे, आणि याच ठिकाणी बहुतेक याद्या फसतात. ‘गळतीचे बघणे’, ‘मुलाच्या अभ्यासाचे काहीतरी करणे’ आणि ‘एकदा बँकेत जाऊन येणे’ अशा नोंदींनी भरलेली यादी ही कामांची यादी नसून काळज्यांची यादी असते. डेव्हिड ॲलन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियोजनविषयक पुस्तकात पुढची कृती या संकल्पनेवर भर दिला आहे, म्हणजे शरीराने करता येईल अशी लगतची एकच हालचाल लिहावी. त्यानुसार गळतीची नोंद ‘सचिवांना फोन करून गच्चीची किल्ली मागणे’ अशी झाली पाहिजे. असे लिहिताच काम फार लहान आणि म्हणून फार भयंकर दिसू लागते, कारण ते न करण्याचे कोणतेही कारण उरत नाही. ‘बघणे’ हे क्रियापद मराठी माणसाला युगानुयुगे तारत आले आहे, ते काढून घेणाऱ्या कोणत्याही पद्धतीला आपल्याकडे विरोध होणारच.

यादी नेमकी झाली तरी वेळेचा अंदाज चुकतो तो चुकतोच. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या दोषाला नियोजनभ्रम अशा अर्थाचे नाव दिले. पूर्वीची सर्व कामे उशिरा झाली हे माहीत असूनही चालू काम वेळेत होईल असे मानण्याची प्रवृत्ती, असा त्याचा आशय आहे. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल असे विचारले. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, सारे काही बिघडले तर ४८.६ दिवस लागतील असे ते म्हणाले, आणि प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. हे विद्यार्थी मानसशास्त्राचे होते, ही यातील मौज. वास्तव हे माणसाच्या सर्वांत वाईट कल्पनेपेक्षाही आठवडाभर मागे चालते, आणि लग्नाचा मांडव, रस्त्याचे काम व शिंप्याकडे टाकलेले पोलके यांच्याशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा आकडा सौम्यच वाटेल.

या भ्रमाला बळी न पडणारा एक वर्ग समाजात आहे, परंतु तो नियोजनावर व्याख्याने देत नाही. सोमवारच्या डब्यात मटकीची उसळ द्यायची असेल तर मटकी शनिवारी रात्री भिजली पाहिजे, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली गेली पाहिजे, आणि थंडीचे दिवस असतील तर ते गाठोडे उबेच्या जागी सरकवले पाहिजे. घरात कोणाचा सोमवारचा उपवास असेल तर त्याच रविवारी रात्री साबुदाणा धुऊन, बेताचे पाणी ठेवून झाकला पाहिजे, आणि विरजण लावण्याचा विसर पडून चालणार नाही. इच्छित फळापासून उलटे मोजत आजच्या कृतीपर्यंत येणे, याला व्यवस्थापनशास्त्रात मोठमोठी नावे असून त्याच्या कार्यशाळा पंचतारांकित हॉटेलांत भरतात. स्वयंपाकघरात ते बिनबोभाट चालते त्याचे कारण, मटकीची मुदत वाढवून मागता येत नाही. तिला आढावा बैठकीला बोलावता येत नाही, ‘ईओडीपर्यंत मोड पाठवा’ असे लिहिता येत नाही, आणि ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात टाकलीच तर दोन दिवसांनी वासाने स्वतः स्मरणपत्र पाठवते. त्या घरातील पुरुष याच वेळी दिवाणखान्यात बसून फोनवर नियोजनाचे नवे ॲप उतरवून घेत असतो, हा केवळ योगायोग मानावा.

यावरून साध्या विधीचे स्वरूप निश्चित करता येते. कोरे पान न घेता गेल्या आठवड्याचेच पान घ्यावे आणि राहिलेली कामे, कितीही लाज वाटली तरी, मागील शिल्लक म्हणून सर्वांत वर उतरवावीत. जे काम चार आठवडे सलग शिल्लकेत दिसेल त्याला पाचव्या आठवड्यात सहाव्या गठ्ठ्याचा रस्ता दाखवावा किंवा त्याच दिवशी बारापूर्वी उरकून टाकावे. उरलेल्यांपैकी ज्यांना मटकीसारखी मागून हलवता न येणारी तारीख आहे ती वेगळी काढावीत, त्यांच्यासाठी वाटतो त्याच्या दीडपट वेळ धरावा, आणि शुक्रवारची दुपार मोकळी सोडावी, कारण ती तशीही कोणीतरी घेणारच असते. दूरच्या नातेवाइकाच्या बारशापासून वरिष्ठांच्या ‘दोन मिनिटे आहेत का’पर्यंतची नवीन आवक मंगळवारपासून सुरू होते व तिला यादीत जागा ठेवलेली नसल्यास ती समासातून शिरते.

हे सर्व पंधरा मिनिटांत संपले पाहिजे. रंगीत पेनांची निवड, चौकटी आखणे, एका ॲपमधील यादी दुसऱ्यात नेणे आणि नियोजनाच्या श्रेष्ठ पद्धतीविषयी शेजारच्या टेबलावर चर्चा करणे यांमुळे विधी अर्ध्या तासाच्या पुढे गेला, तर नियोजन हेच एक स्वतंत्र प्रकरण झाले असे समजून त्याला आवक क्रमांक द्यावा, कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद घ्यावी आणि आठवड्याच्या गोषवाऱ्यात ते इतर प्रलंबित प्रकरणांबरोबर दाखवावे.